बोटभर उघडी खिडकी

बय, तुझी लेक बोलतेय. कुठली, ते विचारू नकोस. जिवंत होतीस तेव्हाही मला हाक मारायची तर आधी थोरलीचं नाव घ्यायचीस, मग गाईचं, मग शेजारणीच्या पोरीचं, आणि शेवटी कंटाळून "ए, तू गं!" म्हणायचीस. आता तुला जाऊन पस्तीस वर्षं झाली, तिथं जाऊन आठवण काय सुधारली असणार? तर मी मधली. सावळी, उलट बोलणारी. पटली ओळख? मला अक्षर येत नाही हे तरी तुला ठाऊक असेल, कारण शाळेच्या वेळेला मला पाण्याला पाठवणारी तूच. म्हणून हे मी तोंडानं सांगतेय आणि माझी धाकटी सून लिहून घेतेय. ती मी सांगते तेच लिहिते की आपल्या मनचं घुसडते, देव जाणे. मी मधेच म्हणते, "काय लिहिलंस वाच." ती वाचते. पण वाचताना तरी खरं वाचते का, हे मला कोण सांगणार?

सध्या मी अमेरिकेत आहे. माझा धाकटा, तू गेलीस तेव्हा पोटात होता तो, मिशिगन म्हणून मुलूख आहे तिथं मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर झालाय. नोव्हाय नावाच्या शहरात त्याचं ऑफिस. बाकीची मराठी मंडळी तिथंच राहतात, भिंतीला भिंत लावून, ऊबदार. यानं मात्र तिथनं तासाभरावर, शेतांच्या मधोमध, शंभर वर्षांचं लाकडी घर घेतलं. त्याचंही मला कळतं. तुझा जावई एसटीत. दर तीन वर्षांनी बदली, दर गावी भाड्याची खोली, आणि दर मालकाची एकच अट, भिंतीत खिळा ठोकायचा नाही. आमच्याकडे कॅलेंडरसुद्धा कपाटाला टेकून उभं असायचं. आता याला स्वतःच्या भिंती मिळाल्या तर उठल्यापासून हातोडी हातात. जमिनीच्या फळ्या बदलल्या, जिना बदलला, भिंती उघडून आत गुलाबी कापूस भरला. मला वाटलं, एवढा मऊ कापूस भिंतीत कोंबून वाया घालवतायत, म्हणून होणाऱ्या बाळाच्या गादीसाठी चार मुठी काढून घेतला. बय, तो कापूस नव्हे, काच! काचेचे तंतू. दोन दिवस माझे हात खाजकुइली लागल्यासारखे खाजत होते, आणि लेक हसून हसून त्या नव्या जिन्यावर बसला होता.

मी आले ती बाळंतपणाला. दिवाळी उरकून विमानात बसले. चार दिवसांत घरापेक्षा बाहेर बरं म्हणायची वेळ आली. जिन्याखाली भिंतीवर एक डबी आहे, घरात ऊब किती ते ती आकड्यात सांगते. तो आकडा मला वाचता येत नाही, पण लेकाचं तोंड वाचता येतं, आणि ते रोज संध्याकाळी डबीपुढं उभं राहून उतरायचं. सून अवघडलेली, तीन स्वेटर चढवून खालच्या खोलीत बसून असायची. एकदा तिनं त्याला स्पष्टच सांगितलं, "हे बघ, अडुसष्टवर आला नाही ना, तर मी बाळाला या घरात आणणार नाही. सरळ नोव्हायला अपार्टमेंट घेऊ." अडुसष्ट म्हणजे इथल्या मापानं स्वेटर नको एवढी ऊब.

"अगं, होईल ना. कुठंतरी लीक आहे, सापडत नाहीये फक्त."

"महिनाभर हेच ऐकतेय मी."

तिचं खोटं नव्हतं. आणि हा भांडला असता तर मला बरं वाटलं असतं, पण हा भांडला नाही. म्हणाला, "ठीक आहे. शनिवारपर्यंत नाही झालं, तर अपार्टमेंट बघून येऊ. हे विकून टाकू." एवढं बोलून हातोडी फडक्यानं पुसली आणि पेटीत ठेवली. ते पुसणं मला बघवेना.

आता तुझ्याकडे येते. कारण या गारठ्याचं मूळ तू आहेस.

तुला धाकटा झाला ते बाळंतपण आठव. पौषातली थंडी. मधल्या खोलीत तुझी बाज, बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि वेखंडाची धुरी. मी दहाएक वर्षांची. खिडकीतून वारा येतोय, बाळ गारठेल, म्हणून मी खिडकी लावून घेते, वरच्या फटीत तुझं जुनं लुगडं कोंबते, बाहेर येऊन दारही ओढून घेते आणि आपण केवढं शहाणपण केलं म्हणून ओट्यावर बसून राहते. शेजारची काकू तुझ्यासाठी पेज घेऊन आली म्हणून बरं. तिनं दार उघडलं आणि किंचाळली. तू बोलावल्याला ओ देत नव्हतीस, पोरानं मान टाकलेली. तिनं त्याला उचलून अंगणात उन्हात नेलं, पाठ चोळली, तेव्हा कुठं ते कुईं करून रडलं. तुला उभं राहता येत नव्हतं, तरी भिंतीला धरत धरत बाहेर आलीस आणि माझ्या गालावर अशी दिलीस की माझ्या कानातलं डूल पडलं. आयुष्यात तेवढीच एकदा मारलीस. मग माझं बोट हातात धरलंस, खिडकीच्या दोन झडपांच्या फटीत घातलंस आणि म्हणालीस, "विस्तवालाही श्वास लागतो. खोली बंद केली की तो आपला ओढून घेतो. विस्तव असेल तिथं एवढी वाट ठेवायची. किती?" मी म्हणाले, "बोटभर." तीन वेळा म्हणवून घेतलंस. पोर जगलं. आता साठीला टेकलंय, टक्कल पडलंय, आणि फोनवर अजून एवढं ओरडून बोलतं की तेव्हा त्याच्या छातीत काही कमी पडलं असेल असं वाटत नाही.

तर इथं आल्या आल्या मी लेकाला विचारलं, "जमिनीतल्या जाळ्यांतनं ही गरम हवा येते, ती तापवतो कोण?" त्यानं मला हात धरून तळघरात नेलं. पत्र्याचं कपाट, त्याला इवलंसं भिंग, आणि आत निळी आग. फर्नेस म्हणतात. अख्खं घर बाजेवर, आणि खाली शेगडी! आणि हा वेडा एकेक फट हुडकून बुजवत सुटलाय. मी काय करणार? वर माझी खोली, बाळासाठी रंग दिलेली खोली आणि न्हाणीघर. तिन्हीकडच्या खिडक्या खालून वर सरकतात. तिन्ही बोटभर उचलून ठेवल्या. बोट घालूनच माप घेतलं, तुझ्यासारखं. जाड पडदे सोडले की कुणाला दिसत नाही. लेकाला सांगितलं असतं तर तो हसला असता, त्या कापसाला हसला तसा, आणि मग स्वतः येऊन बंद केल्या असत्या. हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. बाळ यायचं होतं.

एका रविवारी बघते तर हा उदबत्ती पेटवून घरभर फिरतोय. एकेका खिडकीपुढं थांबतो, डोळे बारीक करतो, पुढं सरकतो. मला वाटलं, अडचणीत का होईना, देव आठवला. मी मागून हात जोडून चालायला लागले.

"आई, काय करतेस?"

"तू करतोस तेच."

"अगं, ड्राफ्ट शोधतोय. धूर हलला की तिथनं वारा येतो."

मग मी आरती सोडून लगबगीनं वर गेले. त्याची पावलं जिन्यावर वाजेपर्यंत तिन्ही खिडक्या खाली, पडदे सरळ, आणि मी पलंगावर. धूर सरळ रेघेत वर गेला. "वर तर काहीच नाही," म्हणाला बिचारा. त्याच्याबरोबर नागपूरचा एक मित्र मदतीला यायचा, तो म्हणाला, "यार, घराला भूतबित नाही ना? काकू, तुम्हाला काही जाणवतं का हो?"

"मला तर बाई काही जाणवत नाही," मी म्हणाले. खाली गेले दोघं की पुन्हा बोट.

त्या आठवड्यात, बुधवारी, फर्नेस तपासायला एक म्हातारा मिस्त्री आला. लेक ऑफिसात. तासभर खटपट करून त्यानं सुनेला सांगितलं, मशीन ठणठणीत आहे. ऊब वर चढते आणि वरूनच कुठून तरी पळून जाते. सून मला ते मराठीत सांगत होती आणि मी पदर चाचपत होते. मग मी म्हटलं, "त्याला विचार, या विस्तवाला श्वास कुठनं मिळतो?"

"आई, असं कसं विचारू?"

"तोंडानं."

तिनं विचारलं. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. मला हातानं खुणावून जवळ बोलावलं. एक पांढरा पाइप दाखवला, तो भिंतीतून बाहेर गेलेला. आग बाहेरचा वारा पिते, घरातला नाही. दुसरा पाइप धुराचा, तोही बाहेर. मग छताजवळची पांढरी थाळी दाखवली. न दिसणारा धूर घरात शिरला तर ती ओरडते. त्यानं कळ दाबून ओरडवूनच दाखवली, तशी सुनेनं दोन्ही हात पोटावर धरले. मला ती शेजारची काकू आठवली. "चांगलं विचारलंत, म्हणाला," सुनेनं सांगितलं. इथली माणसं काहीही विचारलं तरी तसंच म्हणतात.

बय, मला त्याचं पटलं, आणि पटलंही नाही. त्यानं दाखवलं ते डोळ्यांनी बघितलं होतं. पण ते मान टाकलेलं तुझं पोरही मी डोळ्यांनीच बघितलं होतं. गुरुवारी जेवणं झाली, सून खाली आडवी झाली. मी वर जाऊन तिन्ही खिडक्या लावल्या. पार खालपर्यंत, खटका अडकवून. बाळाच्या खोलीत गेले, दार लावलं आणि खुर्चीवर बसले. म्हटलं, काय व्हायचं ते आधी माझं होऊ दे. डोकं दुखतं का बघत होते. कपाळाला हात लावून बघत होते. सगळ्या भावंडांची नावं वयानं म्हणत होते, चुकते का बघायला. तुझ्यापेक्षा बरी म्हटली. मग शाल काढली. थोड्या वेळानं स्वेटर काढला. मग पायमोजे. आणि मग, सांगायला लाज वाटते, डोळा लागला.

जाग आली तर सगळीकडे गुलाबी. मनात आलं, गेले मी. खोटी निघाली ती थाळी. मग खालून सून कोणाशी तरी फोनवर बोलताना ऐकू आली, आणि लक्षात आलं की बाळासाठी दिलेला रंग आहे तो. स्वर्गात असले रंग देत नसावेत. डोकं हलकं होतं. पायाची बोटं गरम होती. कधीच्या काळी अशी गरम होती, तेच आठवेना.

संध्याकाळी लेक आला, बूट न काढता डबीपुढं गेला आणि ओरडला. मी धावत जिन्यावर आले. "अडुसष्ट! एकोणसत्तर होतोय! काल माळ्याच्या दाराच्या फटीला रबराची पट्टी लावली ना, तीच! मी सांगत नव्हतो?" सून स्वेटर काढत होती, एक, दोन, तीन. त्यानं नागपूरवाल्याला फोन लावला आणि पंधरा मिनिटं त्या पट्टीचं कौतुक केलं. शनिवारचं अपार्टमेंट बघणं कॅन्सल केलं. आणि पेटीतून हातोडी काढली. काय ठोकायचं होतं कुणास ठाऊक, पण काढली. दोन आठवड्यांनी पोरगी झाली. आता ती वर झोपलीय, कानटोपडं नको म्हणून रडते, एवढी ऊब आहे.

हे सांगता सांगता सुनेचा हात थांबलाय. मघापासून ती माझ्याकडे बघतेय.

"आई, म्हणजे तो सगळा महिना..."

"लिही गं."

"मी तीन स्वेटर घालून झोपत होते!"

"ते लिहिलंय आधी. पुन्हा नको."

आता ती हसतेय, कागदावर डोकं टेकून. लेकाला सांगणार नाही म्हणाली. पट्टीचं श्रेय त्याचं त्याला राहू दे. म्हणून बय, हे पत्र कुठं जायचं नाही. तुझा पत्ता नाही हे एक, आणि त्याच्या हाती लागलं तर हे दुसरं. सून ते आपल्या साड्यांखाली ठेवणार आहे. तेवढ्यात तुला एक सांगून टाकते, कुणाला ऐकू न जाता: तुझं मी मोडलं, आणि मला वाईट वाटलं नाही. साठ वर्षं तुझ्या त्या बोटापायी मी जिथं निजले तिथं गारठत निजले, एसटीच्या गावोगावी, शेगडी असो नसो, चूल विझलेली असो. त्या गुरुवारी पहिल्यांदा खटका लावून झोपले. फार छान झोप लागली गं.

असो. तुझ्याकडनं काही पाठवायचंच झालं, तर लाडूबिडू नको, ते मी केलेत. थोडी सुकट पाठव. पण कच्ची नको, तिथंच चांगली खमंग भाजून, लसूण-तिखट घालून पाठव. इथं भाजायला घेतली तर खिडकी उघडावी लागेल.