बोटभर ज्योत

शहादा, जानेवारी १९६२

ती. सौ. अक्कास,
वामनचा वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. इथे केळी तर हवी तेवढी. दादांचा दमा कसा आहे?

शेणाच्या गॅसवर स्वयंपाक होतो, हे लोकांना पटवायचं कसं, म्हणून सरकारने आम्हा चित्रकारांना इंजिनियरांसोबत बसवलंय. बाजारात लावायचं चित्र माझ्याकडे आलं. इथल्या तापीबाईंकडे हा गॅस आधीच बसवलाय; त्यांच्या घरी शेगडी पेटली तशी मी बोटभर ज्योत काढली.

आमचे इंजिनियर खरेसाहेब म्हणाले, "वीतभर करा. एवढीशी बघून कोण गॅससाठी शेणाचा खड्डा खणेल?"

मी तापीबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "थंडीमा गॅस कमीच ऱ्हास, भाऊ. पन धूर नही, डोया चुरचुरतस नही. ते दखाड ना!"

मग तेच दाखवायचं ठरवलं: ज्योत तेवढीच ठेवली आणि मागे तापीबाईंचा चेहरा काढला, डोळे टक्क उघडे. खरेसाहेबांनी ते बाजारासाठी पसंत केलं. "खाली सही करा," म्हणाले.

चित्र आज मोलगीच्या बाजाराला गेलं. पण मोलगी डोंगरात, तिथे थंडी जास्त. माझ्या चित्रावर विसंबून कुणी खड्डा खणला आणि बोटभरही पेटलं नाही तर?

उद्या जीपने मोलगीला जातो. तिथे एका तरी घरी गॅस पेटलेला बघितल्याशिवाय घरी येणार नाही. आईला मात्र काम वाढलंय एवढंच सांग.

तुझा धाकटा,
वामन