चेंडूमागची हिरवी रेघ

शनि., ४ जाने. ९२
दिवाळीनंतर आज पहिल्यांदा वही उघडली. यांच्या अर्धांगाच्या झटक्याला दोन महिने झाले. काठी घेऊन चालतात. बोलणं स्वच्छ. उजवा हात पहिल्यासारखा, डावा अजून जड.
जेवताना चिडले. "चटणी का केली नाहीस?" चटणी ताटात होती. डावीकडे, नेहमीच्या जागी. कोशिंबीर, मीठ, सगळं तसंच पडलेलं. मी उठले, ताट फिरवलं. मग खाल्ली. "आधीच वाढायची ना!"
दुपारी चित्रवही मागितली. समोर तांब्या ठेवला. उजवी बाजू काय सुरेख काढली, तोंडाची कड, छाया. डावी बाजू नाहीच. मधेच थांबले, सही केली, वही माझ्याकडे दिली. "हात बसला बघ परत."
मी छान आहे म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

सोम., ६ जाने.
नांदेड. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. डोळे ठीक आहेत. डावीकडे बघायचं मेंदू विसरलाय, आणि विसरलाय हेही त्यांना कळत नाही. डावीकडून बोला, वस्तू डावीकडून द्या, नजर तिकडं न्यायची सवय लावा. काहींचं सुधारतं. कधी, ते सांगता येत नाही. "त्यांना सांगा, पण सावकाश."
परभणीला परतताना गाडीत हे खिडकीजवळ बसले, मी डावीकडे. पूर्णा येईपर्यंत एकदाही माझ्याकडे वळले नाहीत. रागात नव्हते. गाणं गुणगुणत होते.

शुक्र., १० जाने.
अनीस येऊन गेला. यांच्या चित्रकलेच्या वर्गातला जुना विद्यार्थी, टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. दर आठवड्याला येतो, दाढी करून देतो सरांची. माझ्या टायपिंग क्लासमध्ये एक कॉम्प्युटर घ्यायचं ठरलंय, ते त्याच्याच भरवशावर.
म्हणाला, "सर, बाईंचा कॉम्प्युटर आला की तुमी खेळा त्याच्यावर. चेंडू अन् फळीचा खेळ हाय. चेंडू येतो, फळी सरकवायची, परत मारायचा. लय मजा येती."
हे हसले. "मी काय लहान हाय का रे?"
माझ्या डोक्यात मात्र तेच. चेंडू डावीकडे जाणार. डावीकडे बघावं लागणार.

शुक्र., १७ जाने.
अनीसकडून मॉनिटरबद्दल समजून घेतलं. मला वाटायचं कॉम्प्युटर म्हणजे कॉम्प्युटर. तसं नाही, पडदा वेगळा निवडायचा. प्रकार:
हिरवा – सगळ्यात जुना. काळ्यावर हिरवी अक्षरं.
अंबर – शेंदरी-पिवळसर. डोळ्याला मऊ म्हणतात.
पांढरा – कागदासारखा, अक्षर रेखीव.
रंगीत – खेळाला हाच. अक्षर जरा फुटकं.
नुसतं टायपिंग शिकवायचं तर पांढरा घ्या, असं त्याचं मत. पण क्लासमधली कुशावर्ता, रोज पेडगावहून येते, ती मशीनवरून मान वर करून म्हणाली, "बाई, रंगीतच आणा. स्टेशनरोडच्या क्लासला रंगीत हाय. तिथल्या पोरी आमाला चिडवायल्यात."
पोरी कमी होतायत हे खरं. रंगीत घ्यायचं नक्की केलं. यांनाही रंगच आवडणार.

शनि., २५ जाने.
औरंगाबाद. पहाटेची एसटी, मी, हे आणि अनीस. देवगाव फाट्याला चहा. हे खुशीत. झटक्यानंतर दवाखाना सोडून दुसरीकडं पहिल्यांदाच निघालो.
दुकानात चारही मॉनिटर ओळीनं लावलेले, चारहीवर तोच खेळ. यांनी रंगीत बघितला आणि तिथंच खुर्ची ओढली. नाक काचेला लागेल इतकं वाकले.
"अनीस, ह्याच्यात पिवळा कुठाय? जवळून बघ. लाल, हिरवा, निळा, बस्. तीनच ठिपके."
दुकानदार म्हणाला, "लाल-हिरवा पेटला की पिवळा दिसतो, सर."
"पंचवीस वर्षं पोरांना शिकवलं की लाल-हिरवा मिसळला की मातकट होतो. इथं पिवळा होतो!" एवढं मोठ्यानं हसले की शेजारच्या दुकानातून माणूस डोकावला. किती दिवसांनी ते हसणं.
मग खेळायला बसले. उजवीकडचे चेंडू पटापट मारले. डावीकडे गेला की संपलं. बघायचेच नाहीत. "गेला कुठं?" तीन डाव, तिन्ही तसेच. अंबरवर तेच, पांढऱ्यावर तेच. "खेळच भंगार हाय" म्हणून उठायला लागले.
मीच म्हटलं, एवढा हिरवाही बघा.
हिरव्यावर चेंडू पुढं जातो आणि मागं रेघ राहते. क्षणभर, मग विझते. दुकानदार म्हणाला, हाच दोष त्याचा, पेटलेलं लवकर विझत नाही, खेळाला हा घेऊ नका.
मी यांच्याकडे बघत होते. रेघेबरोबर यांची नजर सरकली. मधल्या रेषेपर्यंत, मग तिच्यापलीकडे. मान वळली. फळी गेली डावीकडे. मारला!
परत मारला. तिसरा हुकला, पण हुकताना बघत होते.
अनीसनं बघितलं नाही, तो दुकानदाराशी बोलत होता. ह्यांना तर काहीच विशेष वाटलं नाही. उठून म्हणाले, "चल, रंगीत बांधून घे."
मी म्हटलं, हिरवा द्या.
दुकानदारानं दोनदा विचारलं. अनीस माझ्याकडे बघतच राहिला. हे म्हणाले, "का?"
 क्लासला हाच बरा, असं काहीतरी मी बोलले.
परतीला मॉनिटर अनीसच्या मांडीवर, चादरीत गुंडाळून. बाकीचं सामान ट्रान्सपोर्टनं येणार. 

रवि., २६ जाने.
झेंडावंदनाला शाळेत गेले नाहीत. हेडमास्तरांचा शिपाई बोलवायला आला होता. रजा जूनपर्यंत, पुढं काय ते सगळे विचारायलेत.
दिवसभर एकच वाक्य. "चित्रकलेच्या मास्तरच्या घरी हिरवा पडदा."

रवि., २ फेब्रु.
सामान आलं. अनीसनं जोडणी केली. स्टॅबिलायझरवर दिवा लुकलुकतो. पोरींनी हळदकुंकू वाहिलं, कुशावर्तेचं तोंड वाकडं. "बाई, ह्यो तर टीव्ही बिघडल्यावानी दिसायलाय."
हे आले नाहीत बघायला.

मंगळ., ४ फेब्रु.
क्लास सुटल्यावर आपणहून येऊन बसले. अर्धा तास. मी रजिस्टर लिहायचं सोंग केलं.
डावीकडचे: पाचात एक.

शनि., ८ फेब्रु.
आज झालं ते लिहून ठेवते.
खेळता खेळता थांबले. "खरं सांग. पोरी रंगीत मागत होत्या. मला रंगीत पाहिजे होता. तू हे भूत का आणलंस? माझ्यावर खर्च नको म्हणून? आता मी कामाचा नाही म्हणून?"
मी म्हटलं तसं नाही.
"मग कसं?"
किती दिवस टाळणार. चित्रवही आणली, तांब्याचं पान काढलं. "हे पूर्ण झालंय का?" म्हणाले झालंय. मी वही उलटी केली, वरचं खाली, खालचं वर. मोकळी बाजू आता उजवीकडे आली.
बघत राहिले. बोट फिरवलं त्या कोऱ्या जागेवरून.
"कोणी खोडलं?"
"कोणी नाही. तुम्ही काढलंच नाहीत. तुम्हाला डावीकडचं दिसत नाही... म्हणजे दिसतं, पण तुम्ही बघत नाही. डॉक्टर म्हणाले."
"कधी म्हणाले?"
"महिना झाला."
"महिना," म्हणाले. मग एकेक पान उलटं करून बघितलं. केळीचा घड, कंदील, माझा चेहरा. माझा एकच डोळा, एकच कुडी. सगळी पानं संपेपर्यंत बघितलं. मी हिरव्या रेघेचं सांगितलं, दुकानात काय दिसलं ते. ऐकत होते की नाही, कळलं नाही.
शेवटी एवढंच, "हा चेहरा तू बघितलास अन् छान म्हणालीस."
हो. मी म्हणाले होते.

रवि., ९ फेब्रु.
बोलणं बंद. जेवताना मात्र हातानंच ताट फिरवलं. कोशिंबीर संपवली.

गुरु., २० फेब्रु.
रोज संध्याकाळी तास-दीड तास बसतात. लाईट गेली की तिथंच बसून राहतात, येईपर्यंत. आज डावीकडचे पाचात तीन. मी मोजते हे त्यांना माहीत झालंय, म्हणून मोठ्यानं सांगतात. "मारला. मारला. गेला."
कुशावर्ता शेजारी उभी राहून बघत होती. "सर, त्याच्या शेपटीला धरून जावा, शेपटीला!" हे म्हणाले, "तेच करायलोय ग बाई."
माझ्याशी अजून कामापुरतंच.

रवि., १ मार्च
नवं चित्र. खिडकीतला कडुनिंब. डावी बाजू आहे! पातळ, घाईत काढल्यासारखी, पण आहे. काढून झाल्यावर स्वतःच वही उलटी करून तपासली.
मला दाखवली. मी म्हटलं, डावीकडची फांदी कच्ची आहे.
"हां. आता खरं बोलायलीस."

शनि., ७ मार्च
सकाळी अनीस टांग्यातून रंगीत मॉनिटर घेऊन दारात. मी बोलावलं नव्हतं. यांनीच परस्पर निरोप धाडलेला. कोण्या ओळखीच्या ऑफिसातला, दोन दिवसांपुरता मागून आणलाय, सोमवारी परत. आवडला तर दुकानदार आपला हिरवा घेऊन रंगीत द्यायला तयार आहे म्हणे, पण ह्याच आठवड्यात. नंतर नाही.
अनीसनं कॉम्प्युटरच्या आत ह्या पडद्यासाठी दुसरं कार्ड बसवलं. आता दोन्ही शेजारी शेजारी. एक शब्द टाईप केला की खेळ ह्या पडद्यावरून त्या पडद्यावर.
आम्हा दोघांसमोर रंगीतवर खेळले. इथं रेघ नाही. चेंडू नुसता जातो. पहिला डावीकडचा गेला. दुसरा गेला. कपाळावर घाम. तिसऱ्याला मान आधीच वळवून ठेवली, चेंडू यायच्या आधी. मारला. मग दोन गेले.
अनीस म्हणाला, "सर, हिरवाच राहू द्या. त्याच्यावर चांगलं जमायलंय."
"शाळेत हिरवी रेघ कोण ओढून देणार हाय मला? डाव्या बाकावरचं पोरगं हात वर करील, त्याच्यामागं रेघ असती का?"
 
संध्याकाळी मी विचारलं, जून गाठायचाच का? आणखी सहा महिने रजा मिळेल. हिरव्यावर अजून हात बसू द्या, घाई नको. म्हणाले, "तू घाई नको म्हणून महिना घालवलास." रागानं नाही म्हणाले. पण म्हणाले.

रवि., ८ मार्च
क्लासला सुट्टी. सकाळपासून दोन्ही पडद्यांसमोर आहेत. मला चहा ठेवून बाहेर जायला सांगितलं. "मोजू नको आज. मी मोजतो."
मी अंगणात ज्वारी निवडत बसले. आतून खेळाचे आवाज. चेंडू लागला की बारीक, हुकला की जाड. बराच वेळ जाडच. मग शांतता. दाराशी जाऊन आले, आत गेले नाही.
हे जेवायला आले तेव्हा कान लाल होते. तीन भाकरी खाल्ल्या. मी म्हटलं, उद्या अनीस येईल, त्याला काय सांगायचं ते मला आधी सांगा, म्हणजे पोरींना सांगता येईल.
"पोरींना रंगीतच पाहिजे ना?"
"पोरींचं सोडा. तुम्हाला काय पाहिजे?"
"मला पाहिजे तो अन् मला लागतो तो वेगळा हाय, सुलभा. तेच ठरंना." किती दिवसांनी नावानं बोलले.
मी म्हटलं, मग दोघं मिळून ठरवू. नुसती मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
चार वाजता परत बसले. दार लावून घेतलं. थोड्या वेळानं बारीक आवाज सुरू झाला, एकामागून एक. थांबेचना. सुपातली ज्वारी तशीच हातात धरून ऐकत राहिले. हिरव्यावर आहेत की रंगीतवर, भिंतीअलीकडून कसं कळणार.