पाच वेळा शिखर

१२ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि चिमणी मजेत असाल. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण कामाला नाही म्हणत नाही.

नव्या चित्रपटाचं काम संपत आलं. पुन्हा डोंगरच. नायकाची बायको वारलेली असते, म्हणून हा तोंड पाडून दीड तास कडे चढतो आणि शिखरावर पोचला की एकदम बरा होतो. दिग्दर्शकाचं एकच पालुपद, "वर पोचेल तो वेगळा माणूस दिसला पाहिजे." नायकाला हेलिकॉप्टरने वर आणून ठेवलं, त्यामुळे त्याला वेगळं दिसायला काही जड गेलं नाही. दोर बांधायला मी मात्र पायी चढलो, पाच दिवस, पाच वेळा. पाचही वेळा तोच माणूस खाली उतरला.

परवा वहिनीशी फोनवर बोललो. आधी इकडचं तिकडचं झालं, मग तिने हळूच सांगितलं. तू कड्यावरून पडलास त्याला दीड वर्ष झालं, कंबरेचं हाड कधीच जुळलं, तरी तू लेकीला उचलून घेत नाहीस. तिचा झोका बांधायलाही शेजाऱ्यांना बोलावलंस. "माझ्या हाताचा भरवसा नाही," म्हणालास म्हणे. तेव्हापासून मला जेवण जात नाही.

उगाच आडवळणं घेतोय. सांगून टाकतो.

त्या दिवशी तू कड्याच्या माथ्यावर दोराची गाठ बांधून खाली गेलास. मग कॅमेरावाल्याला दोर हातभर डावीकडे हवा झाला. मी तुझी गाठ सोडली, दोर सरकवला आणि नवी बांधली. दुसऱ्याची गाठ सोडली तर त्याला वर बोलवायचं, त्याने ओढून बघायचं, हे तूच पहिल्या दिवशी माझ्याकडून घोटून घेतलं होतंस. उजेड चालला होता, खालून सगळे ओरडत होते. तुला परत चढवायचा मला कंटाळा आला. शॉटला तू खालून त्याच दोरावर चढू लागलास, आणि सुटली ती माझी गाठ, दादा.

हॉस्पिटलात आपल्या स्टंटमास्तरांनी विचारलं, "गाठ कोणाची?" तू पडल्या पडल्या "माझी" म्हणालास. मी तुझ्या खाटेच्या पायाशी उभा होतो. तोंडातून शब्द फुटला नाही. घाबरलो होतो, आणि पुढे घाबरणं अंगवळणी पडलं.

आज सकाळी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्यापासून दोराला हात लावायचा नाही. त्याला सांगितलंस?"

"नाही."

"मग माझ्याकडे काय आलास?"

म्हणून हे पत्र. फोनवर तू "असू दे रे" म्हणाला असतास आणि मी स्वस्तात सुटलो असतो. मला माफ करू नकोस, निदान लगेच तरी नको. पण चिमणी शाळेतून आली की तिला उचलून घे. इतकी वर्षं तुझ्याबरोबर काम केलं, तू बांधलेली एकही गाठ सुटलेली मी पाहिली नाही.

तुला पाडणारा,
तुझा धाकटा भाऊ