काचेला पाण्याने काय होतंय?

बुधवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलेलंच आहे. वालीवच्या आमच्या कारखान्यात हाडातली पोकळी भरायची काचेची पूड तयार होते. ही काच शरीरात हळूहळू विरघळते आणि तिच्या जागी हाड भरत जातं. म्हणूनच ती अल्कोहोलने धुवायची, पाण्याने कधीच नाही. आज अल्कोहोल संपलं, तर नव्या मॅनेजरसाहेबांनी पूड धुणाऱ्या राजोडीच्या मीराताईंना सांगितलं, नळाखाली धुवून टाका. नळाखाली!

ताईंनी विचारलंही होतं, "सायेब, हिला पानी चालतं का?"

साहेब हसले. "काचच आहे ना? काचेला पाण्याने काय होतंय?"

वाळेपर्यंत पुडीचे खडे झाले. जे शरीरात व्हायचं, ते आमच्या बेसिनमध्येच सुरू झालं. ही पूड कुणाच्या जबड्यात गेली असती तर? आणि तपासणी माझ्याकडे, म्हणून साहेब मला सांगतात, "कारण लिहा, कामगाराची चूक." जिने विचारलं, तिची चूक? नळाखाली पूड तिने काय हौसेने धरली होती?

कारणाच्या रकान्यात मी साहेबांचंच वाक्य लिहिलं, "काचेला पाण्याने काय होतंय?", शब्द न् शब्द, खाली त्यांचं नाव. आणि रजिस्टर सहीसाठी त्यांच्याच टेबलावर उघडं ठेवून आले.