अंगठ्याएवढा डाग

ता. १४ नोव्हेंबर, मंगळवार
दुकानातून, दुपारी अडीच

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. एवढंच लिहून दोन कागद फाडले, हा तिसरा.

फोन का केला नाहीस, असं म्हणशील. हल्ली फोनवर तुला माझं 'हो' आणि 'नाही' सारखंच ऐकू येतं. मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही, शिवाय दुकानात बसून ओरडलो तर चष्म्याचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक पळून जाईल.

हिचा गुडघा आता बरा आहे. लेकीची परीक्षा संपली, पेपर कसे गेले ते विचारायची सोय नाही. दुकानात भिंगं घासायचं नवीन यंत्र घेतलं, ते फार खरखरतं. मीच जरा ठिकाणावर नाही. आठवडाभर पाय पोळलेल्या मांजरासारखा घरभर फिरतोय. ही म्हणते, "एक तर बसा, नाहीतर बाहेर चक्कर मारून या. मध्ये मध्ये लुडबुडू नका." परवा एका मास्तरांच्या चष्म्यात डावीकडचं भिंग उजवीकडे बसवून दिलं. ते बिचारे सपाट फरशीवर उंबरा ओलांडल्यासारखा पाय उचलून बाहेर पडले. तीस वर्षांत असं झालं नव्हतं.

बघ, नमनालाच घडाभर तेल गेलं.

तुझ्या लेकीचा फोन आला होता. मामाला सांगू नकोस, असं तू तिला बजावलं होतंस, तरी तिनं सांगितलं. तिला रागावू नकोस. उजवा कान गेलाच होता, आता डाव्यालाही डॉक्टरांनी दोन-तीन महिनेच दिलेत, असं ती म्हणाली. कानाला यंत्र लावलं तर आवाज येतील, पण कोणाचा कुठला ते कळेलच असं नाही. गेल्या महिन्यात तू माझ्याकडे आलीस तेव्हा तुला हे ठाऊक होतं. तू त्यातलं अक्षरही काढलं नाहीस. नुसतं म्हणालीस, "आईची रेकॉर्ड लाव ना एकदा."

पुढचं सगळं तुला माहीत आहे. तरी ओळीनं लिहितो, त्याशिवाय मला धीर येणार नाही.

आईनं लग्नाआधी एकच गाणं रेकॉर्डवर गायलं. घरातली प्रत, आई गेली त्या वर्षी, घर बदलताना फुटली. तू अकरा वर्षांची होतीस, मी दीड. तुला तिचा आवाज आठवतो, मला तिचं काहीच आठवत नाही. मी मोठेपणी जुने बाजार पालथे घातले ते त्या एका रेकॉर्डसाठी. ती मिळेपर्यंत बाकीच्या साडेतीनशे घरात येऊन बसल्या, आणि हिनं त्यांना सवती म्हणायला सुरुवात केली. शेवटी चार वर्षांपूर्वी, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या फळीवर ती सापडली. लेबलावर आईचं माहेरचं नाव होतं. लाखेच्या तबकडीवर केसाएवढा ओरखडा नव्हता, उजेडात तिरकी धरली तर पाण्यासारखी चमकायची. बहुधा कोणी कधी वाजवलीच नव्हती. माझ्या वहीत 'उत्तम' हा शेरा सातच रेकॉर्डना आहे. तिच्यापुढे मी 'अत्युत्तम' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग मीही वाजवली नाही. सुई दर वेळी लाख थोडी खाते, हे तुला मी हजारदा ऐकवलंय. तू पहिल्यांदा मागितलीस तेव्हा ग्रामोफोनची स्प्रिंग तुटलीय म्हणालो. ती शाबूत होती. दुसऱ्यांदा बांबूच्या मऊ सुया संपल्यात म्हणालो, तेव्हा डबी भरलेली होती. गेल्या महिन्यात बहाणे संपले आणि सरळ नाही म्हणालो. तू उठलीस आणि स्वतःच पाकिटातून ती बाहेर काढलीस. रेकॉर्ड कडेनं धरायची असते. तू ताटासारखी धरलीस, अंगठा सरळ रेघांवर. मी तुझ्यावर ओरडलो. शेजारचे गॅलरीत आले, इतका ओरडलो.

तू म्हणालीस, "ठेव तुझी रेकॉर्ड सांभाळून. माझी ती आई होती." आणि चहा तसाच टाकून गेलीस.

आता खरं लिहितो. तू गेल्यावर मी ती घेऊन घरच्या कामाच्या टेबलापाशी बसलो. तुझ्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, गाणं जिथे सुरू होतं तिथेच, कडेला. कोरडं फडकं फिरवलं असतं तरी गेला असता. पण मी रागात होतो, आणि राग आला की माझे हात आपले आपण काम करतात. समोर भिंगं पुसायची बाटली होती. फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि भिंग पुसतो तसं गोल गोल तीनदा घासलं.

लाख स्पिरिटात विरघळते, ताई. नवीन शौकीन घरी आला की त्याला मी पहिली ताकीद हीच देतो. एकानं स्पिरिटचं नाव काढलं म्हणून त्याला माझ्या रेकॉर्डना हात लावू दिला नव्हता. आणि फडक्यावर काळं आलं तेव्हा कुठे मला कळलं की मी काय करतोय. अंगठ्याएवढा भाग भुरकट झाला. तिथल्या रेघा बोटाला लागेनाशा झाल्या.

याहून वाईट अजून पुढेच आहे. ही विचारायला आली तेव्हा मी सांगितलं, "ताईनं हात लावला ना, खराब झाली." हिनं टेबलावरची बाटली उचलून तिचं बूच लावलं आणि ही निघून गेली. तीन आठवडे मी तो खोटेपणा तुझ्या नावावर ठेवून जेवतोय, झोपतोय. काल हिला खरं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच वास आला होता. मला सांगून काय उपयोग, त्यांना सांगा."

आणखी एक गोष्ट उरली. झिजेल ही भीती खरी, पण ती निम्मीच. उरलेली भीती मी कोणालाच सांगितली नव्हती. मला वाटायचं, लावीन, आणि मला काहीच ओळखीचं वाटणार नाही. तुला ओळख पटेल, तू रडशील, आणि मी शेजारी परक्यासारखा बसून राहीन. त्यापेक्षा ती फळीवर बरी होती. आई माझ्या घरात आहे असं तरी म्हणता यायचं.

तुझ्या लेकीचा फोन आल्यावर मात्र मला चैन पडेना. रविवारी सकाळी चावी दिली, बांबूची सुई कापून बसवली आणि लावली. डागावर सुई घसरली, नुसती खसखस. दर फेऱ्याला तेच. मग गाणं आलं ते अर्ध्या शब्दातून. कोणीतरी सतरा-अठरा वर्षांची मुलगी गात होती, माझ्या लेकीहून लहान. सूर पक्का होता, वरच्या पट्टीत दम जरा कमी पडत होता. शिकवलेला, बेतलेला आवाज. मला काही वाटलं नाही, ताई. मी दोन मिनिटं तिथे बसलो होतो आणि मला काहीही वाटलं नाही. माझी मलाच लाज वाटली.

गाणं संपलं. मी सुई उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात दोन-तीन रिकाम्या फेऱ्यांनंतर ती बोलली. गायली नाही, बोलली. खोलीतल्या कोणाला तरी हळूच विचारलं, "झालं?" कंपनीच्या माणसांनी यंत्र बंद करायला उशीर केला असेल.

तो आवाज तुझा होता. माझ्या शाळेच्या शर्टाचं शेवटचं बटण लावून तू असंच विचारायचीस. कडू औषधाचा चमचा माझ्या तोंडातून काढताना असंच. आधी अर्धा श्वास, मग तो शब्द, आणि शेवटाला थोडा वर. मला आई ऐकू आली नाही, तू ऐकू आलीस. म्हणजे ज्या आवाजासाठी मी बाजार पालथे घातले तो मी दीड वर्षाचा असल्यापासून रोज ऐकत होतो. मी इतका रडलो की ही हात न धुताच स्वयंपाकघरातून धावत आली.

त्यानंतर मी ती आणखी चार वेळा लावली, फक्त त्या एका शब्दासाठी. वहीतला शेरा खोडला. नवीन काही लिहिलं नाही.

तुझ्या मनातून मी उतरलो असेन, तर ते रास्तच आहे. सुरुवातीची ओळ मी कायमची घालवली. ती फक्त तुला पाठ आहे. मला म्हणून दाखव असं म्हणायचं तोंड मला नाही, तरी म्हणतो.

उत्तराची वाट बघत नाही. शनिवारी सकाळच्या गाडीनं मीच येतोय. ग्रामोफोन ही धरेल, रेकॉर्ड माझ्या मांडीवर असेल. फुटली तर वाटेत फुटेल, फळीवर नाही. दार उघडलं नाहीस तर पायरीवर बसेन. उघडलंस तर तुझ्या डाव्या कानाशी भोंगा करून लावीन, आणि तू पुरे म्हणेपर्यंत लावत राहीन. झिजू दे. जोवर तुला ऐकू येतंय तोवर तिनं झिजायलाच हवं.

आजवर इथे 'तुझा भाऊ' असं लिहीत आलो. रविवारपासून तेवढं पुरत नाही, म्हणून या वेळी नुसतंच,

तुझा