एका रविवारी दोन तारखा

दिग्रस,
मे महिन्यातला पहिला सोमवार

प्रिय मुजफ्फर,

पोस्टातून आलेलं पाकीट बघून तू दचकशील. फोन रोज होतो, पण आपला फोन म्हणजे दोन्ही घरांचा जलसा. माझ्या बाजूला अब्बा, तुझ्या बाजूला अम्मी, मधूनच कुणी तरी स्पीकर लावतं. म्हणून पत्र. आणि मराठीत, कारण उर्दू तुझ्या घरात सगळ्यांना वाचता येतं! लग्न ठरल्यापासून फोनवर तुला ‘तुम्ही’ म्हणायला लागतं. इथे मात्र पॉलिटेक्निकच्या कँटीनमधला तूच.

आधी आनंदाची बातमी. आमच्या जिनिंगचे सगळे सर्व्हर बदलायला शेटजींनी होकार दिला. म्हणजे पेट्या त्याच, त्यांच्या आतली ऑपरेटिंग सिस्टीम नवी. जुनी फार म्हातारी झाली आहे. ती बनवणारी कंपनी येत्या जुलैपासून तिची देखभालच थांबवणार आहे. मग एखादा व्हायरस शिरला तर विचारायला कुणी नाही. हे मी दिवाळीपासून सांगत होते. मॅनेजर बबनराव दर वेळी एकच म्हणायचे, “चालून राह्यलं ना? मंग कायले हात लावता?”

नोव्हेंबरात ते चालायचं थांबलं. ऐन हंगामात दिग्रसचा मुख्य सर्व्हर बसला. वजनकाट्याची पावती निघेना, आणि पावतीशिवाय कापूस खाली होत नाही. गाड्या पार डांबरी रस्त्यापर्यंत लागल्या. यंदा पाऊस दगा देऊन गेलेला, बोंडं भरलीच नाहीत, भाव तर विचारूच नकोस. जो काही कापूस घरात आला तोही असा रस्त्यात उभा. मी घामाघूम होऊन बाहेर आले तर पुंडलिकराव नावाचे एक शेतकरी बैलगाडीजवळ शिदोरी सोडून बसले होते. मला वाटलं, आता शिव्या खाव्या लागणार. ते म्हणाले, “पोरी, तुह्या मशीनले ताप आला काय वं? बस, दोन घास खाय, मंग पाह्य.” मी खरंच बसले. भाकर आणि ठेचा खाल्ला. संध्याकाळी सर्व्हर उठला, पण दुसऱ्या दिवशी भाव उतरला होता. रांगेच्या शेवटी राहिलेल्यांचा कापूस त्या उतरलेल्या भावात गेला. पुंडलिकरावांचाही. मला ते अजून विसरता येत नाही.

मग हंगाम आटोपल्यावर मी बबनरावांना जिनिंगच्या शेडमध्येच गाठलं. तिथे मशीनचे रोलर बदलणं चालू होतं. मी विचारलं, “हे तर फिरून राह्यले होते, मंग काहून बदलता?” ते सवयीनं म्हणाले, “अवो, हंगामात बसले तर?” आणि स्वतःच थांबले. मग असे हसले की शेडमधले कामगार वळून पाहायला लागले. त्याच दुपारी त्यांनी शेटजींना फोन लावला.

तेव्हापासून मी एसटीनं गावं पालथी घालते आहे. पुसद, पांढरकवडा, केळापूर, जिथे जिथे आमचं केंद्र आहे तिथे. कुठे कोणती मशीन, काय चालतं, काय नव्या सिस्टीमवर चालणार नाही, हे सगळं आधी डोळ्यांनी पाहायचं. पुसदला सर्व्हर सरकीच्या पोत्यांआड सापडला. त्याच्या मागे गरम जागा पाहून मांजर व्यायली होती. पिलांनी डोळे उघडेपर्यंत मी त्या पेटीला हात लावला नाही. केळापूरची पेटी उघडली तर आत नुसती रुई. तिथला काटा सांभाळणारे गुलाबसिंग म्हणाले, “मॅडम, याची उशी भरू काय?” त्यांनी खरोखरच ती रुई पिशवीत भरून ठेवली.

पहिली चाचणी केळापूरलाच घेतली. लहान केंद्र, बिघडलं तर नुकसान थोडं. जुन्या सगळ्याची नक्कल बाजूला ठेवली, म्हणजे फसलं तर मागे येता यावं. मग नवी सिस्टीम टाकली. काट्यावर मातीनं भरलेला ट्रॅक्टर उभा केला. पडद्यावर वजन शून्य. गुलाबसिंग खिडकीतून डोकावून म्हणाले, “मॅडम, टॅक्टर उडून गेला काय?” सगळे हसले, मला मात्र रडू यायचं बाकी होतं. सगळ्या केंद्रांवर असं झालं तर बबनराव पुन्हा ‘हात लावू नका’वर येणार. बराच वेळ शोधलं. काट्याची वायर जिथे लागते त्या जागेला नव्या सिस्टीमनं वेगळाच क्रमांक दिला होता, आणि काट्याचा प्रोग्राम जुन्याच दारावर वाट पाहत बसला होता. त्याला नवं दार दाखवलं. ट्रॅक्टर परत जमिनीवर आला! गुलाबसिंगनी टाळी वाजवली आणि चौकातून गरम भजी आणवली. मुजफ्फर, इतक्या आनंदानं मी भजी कधी खाल्ली नव्हती.

तू राजूरच्या खाणीतल्या ट्रकचं इंजिन उतरवतोस तेव्हा ट्रक तुझ्या गॅरेजात निवांत उभा असतो. माझं तसं नाही. सगळी केंद्रं एकमेकांना जोडलेली, म्हणून सगळी एकदमच बंद ठेवावी लागणार, आणि तीही सुटीत. बबनराव म्हणाले, “तारीख तुम्हीच ठरवा मॅडम. तुम्ही म्हनसान तशी.” मला आजवर कुणी तारीख विचारली नव्हती. मी जूनचा पहिला रविवार सांगितला. शेटजींनी सगळ्या केंद्रांना कळवलं. मी जवळजवळ नाचतच घरी आले, तर अब्बा दारातच मिठाईचा डबा घेऊन उभे. तुमच्याकडून निरोप आला होता. निकाहची तारीख पक्की. जूनचा पहिला रविवार.

अब्बांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. मी पेढा खाल्ला आणि गप्प बसले. आजपर्यंत गप्पच आहे. म्हणून हे पत्र. त्यानंतर रमजान लागायच्या आत अजून एक रविवार आहे. कार्डं छापायला गेलेली नाहीत, हे मी तुझ्या बहिणीकडून, नाहिदकडून, काढून घेतलं आहे. तारीख एका आठवड्यानं पुढे ने, आणि अम्मींना हे तुझ्या तोंडानं सांग. कारणही खरंच सांग, गझालाला काम आहे म्हणून. कारण आणखी एक गोष्ट आहे. दिग्रसचा सर्व्हर बसला तर काम सांभाळायला दुसरा सर्व्हर दुसऱ्या गावात ठेवायचा आहे. त्यासाठी मी वणी निवडलं. शेटजींना सांगितलं की तिथे वीज कमी जाते, आणि ते खोटं नाही. पण तुमच्या राजूरहून वणीला रोज जाता येतं, हे मी फक्त तुला सांगते आहे. त्या सर्व्हरजवळ बसायला कुणीतरी लागेल, आणि लग्नानंतर मला ती खुर्ची हवी आहे. आतापर्यंत कुणी मला विचारलं नाही, मीही बोलले नाही. आता बोलले. हो म्हणायचं असेल तर हे पत्र मिळेल त्या संध्याकाळच्या फोनवर, स्पीकर चालू असताना, सगळ्यांसमोर म्हण.

तुझीच, पेढ्याचा डबा अजून कुणाला न वाटलेली,
गझाला