भूत नाहीच, हे सांगणारा सिनेमा

३ जून १९८८, राजमंड्री
फिजिक्स शिकवणं वर्षभर बंद. आजपासून मी दिग्दर्शक! आपले तेलुगू भुतांचे सिनेमे म्हणजे निव्वळ अडाणीपणा. पांढरी साडी, पैंजण, लिंबू. भिंतीतून आरपार जाणारी भुतीण दारावर खडूने लिहिलेलं ‘बाई, उद्या ये’ वाचून निमूट परत फिरते. रोज! माझ्या सिनेमात शेवटी प्रोफेसर बॅटरी मारून दाखवणार की भूत नाहीच, इस्टेटीसाठी काकाच साडी नेसला होता. त्यानंतर गोदावरीकाठी कुणी घाबरणार नाही.

९ जून
मुहूर्ताचा नारळ फुटला. निर्माते सुब्बारायुडूगारू, राइस मिलवाले, म्हणाले की मास्टारू, भूत खरं असो नाहीतर खोटं, साडी पांढरीच हवी. रंगीत साडीतली बाई लग्नाला निघाल्यासारखी दिसते. मान्य केलं. ही तडजोड नव्हे. पांढरा रंग प्रकाश परावर्तित करतो.

१५ जून
पैंजणही आले. (ध्वनिशास्त्र.) कॅमेऱ्याला बांधलेलं लिंबू मात्र काढायला लावलं. दुपारी कॅमेरा अडकला. पुन्हा बांधू दिलं, युनिटच्या भावनांसाठी.

२२ जून
नायिका जयकलाला ताप. लाइटवाला शिडीवरून पडला. कुणीतरी करणी केलीय अशी कुजबुज. मूर्ख लेकाचे! सत्यवेणी म्हणाली, अहो, दृष्ट लागलीय, सेटवर एक कोहळा फोडा, तुमचं विज्ञान काही बुडत नाही. बायकोच्या समाधानासाठी नेतो. मला झोप नाही, ती उकाड्यामुळे.

२३ जून
कोहळ्याला कुंकू लावून सर्वांदेखत फोडला. परिणाम चमत्कारिक, म्हणजे मानसशास्त्रीय. टाळ्या! लोक पाया पडले, जयकला डोळे पुसत गेली. आता उरला शेवटचा सीन. प्रोफेसर, बॅटरी, सत्य.

२४ जून
सेटवर शुकशुकाट. कॅमेरा मद्रासला गेला, जयकलाही. मॅनेजर पोतय्या मांडव सोडत होता. म्हणाला, काय मास्टारू, पहिल्या दिवशी नारळ, शेवटच्या दिवशी कोहळा, एवढंही ठाऊक नाही? कोहळा फुटला की शूटिंग संपलं! घरचा कोहळा वेगळा, सेटवरचा वेगळा.
सुब्बारायुडूगारू म्हणाले की एका पिक्चरला दोन कोहळे म्हणजे निर्मात्याच्या घरात मर्तिक. आहे तसंच लावतो.
प्रोफेसरशिवाय? काकाशिवाय? मग ते भूत खरंच ठरेल! हे मी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, फारच छान.

२ सप्टेंबर
हाउसफुल. बायका पडद्याला कापूर ओवाळतात. पोस्टरवर माझं नाव ठळक. लोक आशय समजून घेतीलच, थोडा वेळ लागेल.

१० सप्टेंबर
एक बाई दारात आली. तिची पोर सिनेमा पाहून झोपेत किंचाळते, दोरा मंतरून द्या म्हणाली. भूत नसतं, हे तिला फळ्यावर आकृत्या काढून समजावलं. तिने सगळं मन लावून ऐकलं. मग म्हणाली, तुम्हाला असंच बोलावं लागणार मास्टारू, खरं सांगितलंत तर ती तुम्हाला सोडेल का?
मला रडू आलं. त्यावर ती म्हणाली, बघा, अंगात आलं.
दोरा दिला. बाहेर आणखी तिघीजणी बसल्या आहेत.